दोन सीटच्या गाडीतली खैरुन्निसा

खैरुन्निसाला गावी परत पाठवायचं हे तिच्या मुलानं ठरवलं, बोटीचं तिकीट काढलं, आणि सगळ्यात शेवटी ते तिला सांगितलं. कमरुद्दीनची अटकळ अशी, की अम्मा थोडी रडेल, एक-दोन जेवणं टाळेल आणि मग निमूट ट्रंक भरायला घेईल. तिशीचा बाप्या, दुबईतल्या बर दुबई भागात एका शिपिंग एजंटाकडे क्लार्क. कुठली बोट कुठल्या दिवशी कुठे लागणार हे झोपेतसुद्धा सांगेल. पण स्वतःची आई कधी कुठल्या दिशेला निघेल, याचा त्याला अजून पत्ता नव्हता.

एकोणीसशे पासष्टचा हिवाळा. शुक्रवारची नमाज आटोपून तो शारजाला, रोल्लाच्या मोठ्या वडाजवळच्या आईबापांच्या खोलीवर आला होता.

"पुढच्या गुरुवारची बोट आहे, अम्मा. बुकिंग कन्फर्म आहे."

"कुणाचं बुकिंग?"

"तुझं."

"आणि तुझ्या अब्बांचं?"

"अब्बांची ड्यूटी आहे ना कॅम्पात. ते कसे येतील? तू जा. रुकय्या घरात एकटी आहे. जवान औरत, नवरा परदेसात, लोक बातें करतात. घरात मोठं माणूस पाहिजे. जरा प्रॅक्टिकली बघ."

रुकय्या ही कमरुद्दीनची बायको. दोन वर्षांपूर्वी निकाह करून तो तिला गावच्या घरात ठेवून आला होता. खैरुन्निसानं नवऱ्याकडे पाहिलं. मोहिद्दीन चहाच्या कपात बघत होता, जणू पत्ती मोजायची त्याला कुणी नोकरीच दिली होती. तिला मुलाचा राग आला, पण रागापेक्षा भीती जास्त वाटली. भीती बोटीची नव्हती, गावाची तर मुळीच नव्हती. समोर बसलेल्या या माणसानं आता तोंड उघडून 'बरं, जा' म्हटलं तर, याची होती.

कारण हे 'जा' आणि 'थांब' तिनं आयुष्यभर ऐकलं होतं. तिचं माहेर आणि सासर दोन्ही जयगडच्या खाडीकाठी. सोळाव्या वर्षी निकाह झाला, आणि हातावरची मेंदी उतरायच्या आत मोहिद्दीन बसऱ्याच्या बोटीवर चढला. मग तो घरी यायचा तो पाहुण्यासारखा, दोन-तीन वर्षांनी एकदा, साबणाच्या वड्या आणि अत्तराच्या कुप्या घेऊन. जाताना दर खेपेला एकच वाक्य: "पुढच्या साली तुला नेतो." त्या पुढच्या सालाची वाट बघता बघता तिनं सासूला माती दिली, सासऱ्याला माती दिली, कौलं फिरवली, मुलगा वाढवला आणि तोही त्याच बोटीवर चढवला. गावातल्या निम्म्या घरांत हीच तऱ्हा होती. बाया एकमेकींची समजूत घालत, 'नशीब असतं बाई.' खैरुन्निसा फणकारायची, 'नशीब कसलं डोंबलाचं! रीत आहे ही, आणि रीत माणसंच घालतात.'

चार वर्षांपूर्वी सासऱ्याचं चाळिसावं झालं आणि तिनं घराला कुलूप घातलं. 'येऊ का' म्हणून विचारलं नाही. 'येते आहे, उतरवायला या,' एवढंच नवऱ्याला कळवलं आणि मुंबईहून बोटीत बसली. दुबईच्या खाडीत पडावातून उतरली तेव्हा मोहिद्दीन टोपी हातात घेऊन उभा होता.

"आलीस?" तो म्हणाला.

"हो. पुढचं साल उजाडलं," ती म्हणाली.

मोहिद्दीन हसला होता. पण तिनं यावं असं त्याला वाटत होतं की नाही, हे तो कधी बोलला नाही. बोलणं त्याच्या अंगात नव्हतं. बोटीवर इंजिनखोलीत आयुष्य गेलं, पुढे शारजाच्या इंग्रजांच्या विमानतळावर, कॅम्पात, गॅरेजमध्ये फिटर झाला. मशीनशी बोलायचं ते पान्यानं. माणसांशीही तसंच जमेल अशी त्याची समजूत असावी.

त्याच कॅम्पातून ती गाडी आली. इंग्लंडची जुनी स्पोर्ट्‌स कार. हिरवी, बुटकी, बिनछपराची, सायकलसारख्या तारांच्या चाकांची, आणि सीट दोन. कॅम्पातल्या एका साहेबानं विलायतेहून हौसेनं आणलेली. साहेब आणि त्याची मॅडम, दोघंही पन्नाशीपुढचे, या गाडीत बसून सगळा फ्रान्स फिरून आले होते. डोंगर, द्राक्षांचे मळे, नद्यांवरचे पूल. इथल्या वाळूत मात्र गाडी दोन पावलं चालून बसायची. बदली झाल्यावर साहेब ती मोहिद्दीनच्या गळ्यात मारून गेला. मोहिद्दीनला कुबेराचं घबाड मिळाल्याचा आनंद झाला. दर शुक्रवारी तो तिच्याखाली आडवा. शेजारची मरियमबी म्हणायची, "खैरुन, या वयात सवत आली गं तुला."

"येऊ दे की," खैरुन्निसा म्हणायची. "सवतीच्या मांडीवर बसून फिरेन."

फिरणं झालं ते विमानतळापासून रोल्लापर्यंत. पण फ्रान्सची गोष्ट तिच्या मनातून जाईना. एकदा तिनं नवऱ्याला ऐकवलंच, "साहेबाची मॅडम फ्रान्स बघून आली. तुमच्या मॅडमनं अजून अजमानसुद्धा बघितलं नाही."

त्या शुक्रवारी तिकिटाचं ऐकलं आणि तिच्या तोंडून तेच बाहेर पडलं. "मला रास अल खैमाला जायचंय. तिथे समुद्राच्या मागे लगेच डोंगर आहे म्हणतात. चार वर्षांत डोंगर बघितला नाही मी. तुझ्या अब्बांबरोबर, या गाडीतून."

कमरुद्दीननं कपाळावर हात मारला. "अम्मा, डोकं ठिकाणावर आहे ना? रस्ता कुठे आहे? पुरी वाळू आहे. खुल्या गाडीत तू बसणार? अपने लोग हसतील. आणि या वयात ही रिस्क?"

"हसू देत. दात त्यांचे आहेत."

"ऑल राइट," कमरुद्दीन चिडून म्हणाला. "जाऊन या. सहीसलामत परत आलात तर मी तिकीट रिटर्न करतो. पण वाटेत काही झालं तर गपचूप बोटीत बसायचं. मंजूर?"

खैरुन्निसा हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. उठून कप विसळायला गेली. कमरुद्दीननं ते हो धरलं. पुरुषमाणसं असंच धरतात.

रविवारी पहाटेची, फजरची नमाज झाल्यावर दोघं निघाली. मोहिद्दीननं कॅम्पातून रजा काढली होती. का काढली, कशी काढली, काही बोलला नव्हता. खैरुन्निसानं साडीवर जाड चादर गुंडाळली, डोक्यावरून रुमाल घट्ट बांधला आणि उलट्या बाजूनं उघडणाऱ्या त्या दारातून आत बसली. मरियमबी दारात उभीच होती. "साठी बुद्धी नाठी," ती हवेला ऐकवल्यासारखं बोलली.

"माझी साठी अजून लांब आहे, मरियमबी," खैरुन्निसा गाडीतून ओरडली. "तोवर बुद्धी वापरून घेते!"

आणि काय सांगावं, अजमान मागे पडेपर्यंत ती हसत होती. तोंडावर वारा, डाव्या हाताला समुद्र, शेजारी नवरा. या गाडीत तिसऱ्याला जागा नव्हती. सासू नाही, पाहुणा नाही, मुलगा नाही, गावचा निरोप सांगायला आलेला कुणी नाही. लग्नाला अडतीस वर्षं होत आली होती, आणि नवऱ्याच्या शेजारी, बरोबरीनं, पुढे बघत ती अशी पहिल्यांदाच बसली होती. तिला जोरात ओरडावंसं वाटलं आणि ती ओरडलीही. मोहिद्दीननं दचकून ब्रेक दाबला.

किनाऱ्यानं गाडी न्यायची ती ओहोटीला. पाणी मागे सरलं की ओली वाळू घट्ट होते, तिच्यावरून गाड्या पळतात. भरती आली की आतल्या भुसभुशीत वाळूतून जावं लागतं, आणि तिथे या सडपातळ चाकांचा काही निभाव लागला नसता. टायरमधली हवा थोडी सोडून मोहिद्दीन म्हणाला होता, "खैरुन, मी मशीनचा माणूस. बोटीवर होतो तरी खालीच होतो. दर्या तुझा. भरतीचं तू बघ."

खैरुन्निसा बघणारच होती. तीस वर्षं खाडीच्या खडकांवर तिनं कालवं फोडली होती, तिसऱ्यांच्या शिंपल्या वेचल्या होत्या. गावाकडचा हिशेब तिच्या हाडांत मुरला होता: चांदाच्या तारखेत एक मिळवायचा, त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ हातात. त्या दिवशी चांदाची नववी. एक मिळवून दहा, दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती, तिथून पाणी उतरत दुपारी दीडला पुरती सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. सगळी दुपार वाळू आपल्या बापाची.

उम्म अल कुवैनच्या पुढे जझिरा नावाच्या कोळ्यांच्या गावाजवळ जाळी वाळत घातलेली दिसली. या वाटेनं जाणारे लॉरीवाले इथे थांबून पाण्याचं विचारूनच पुढे जात. मोहिद्दीननं गाडी हळू केली. "विचारू का?"

"काही नको," खैरुन्निसा म्हणाली. "दर्याकाठी जन्मलेल्या बाईनं भरती परक्याला विचारायची? शोभतं का?"

एक म्हातारा कोळी दोन्ही हात हलवत होता. खैरुन्निसानंही त्याला उलट हात हलवून दाखवला. केवढा भला माणूस, तिला वाटलं.

थोडं पुढे जाऊन त्यांनी पाण्याच्या काठाशीच गाडी थांबवली. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलांची चटणी, तळलेला मासा. समोर लांबवर, धुरकट निळी, डोंगराची रेघ दिसत होती. खैरुन्निसा भाकरीचा घास हातात धरून तिच्याकडे बघत बसली. "तो बघा," ती म्हणाली. मोहिद्दीन म्हणाला, "हां." त्याच्या मानानं ते भाषणच होतं.

तिच्या हिशेबानं पाणी अजून मागे जायला हवं होतं. ते पुढे आलं. आधी चाकाखालून एक पातळ थर गेला, मग दुसरा. मोहिद्दीननं धावत जाऊन गाडी चालू केली, तर मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि ओल्या वाळूत रुतली. खैरुन्निसानं पदर खोचला आणि मागून जोर लावला. त्यानं जोर लावला. दोघांनी मिळून लावला. चाकं आणखी खाली गेली, पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं, आणि मग गाडीच्या तळातून आत शिरून सीटवरच्या चटणीच्या डब्याला तरंगवू लागलं.

हात हलवणारा म्हातारा कोळी दहा-बारा माणसं घेऊन आला, बोटी ओढायचा जाड दोर आणि खजुरीचे ओंडके घेऊन आला, आणि आधी कंबरेवर हात ठेवून पोटभर हसला. खैरुन्निसाला बाजारातली अरबी येत होती. तेवढ्यात त्यानं जे सांगितलं ते तिला कळलं. आमचं पाणी हुरमूझच्या दारातून आत येतं, प्रत्येक कोपऱ्यावर आपली वेळ घेतं. अजमानची भरती वेगळी, इथली वेगळी. तुझ्या हिंदच्या किनाऱ्याशी त्याला काय घेणं, अम्मा?

"यल्ला!" तो ओरडला, आणि माणसांनी बोट ओढावी तशी गाडी ओढायला सुरुवात केली. खैरुन्निसानंही दोर धरला. कोळी ओशाळले, 'नको, नको' म्हणाले, तरी तिनं सोडला नाही. ते बघून काठावर उभ्या असलेल्या दोन बायाही हसत पुढे झाल्या आणि तिच्या मागे दोराला लागल्या. गाडी वर आली. इंजिनात मात्र खारं पाणी गेलं होतं.

कोळ्याच्या घरी त्यांची उत्तम बडदास्त झाली. पण दुबईला टोमॅटो नेणाऱ्या एका लॉरीवाल्यानं वाटेत सगळं बघितलं होतं, म्हणजे आता बातमी त्याच्याही पुढे पळत असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मोहिद्दीन उन्हात बसून एकेक प्लग पुसत होता, तिथे ती जाऊन उभी राहिली.

"मी चुकले," ती म्हणाली.

"हां."

"आता कमरू येईल. बोटीत बसवायला."

मोहिद्दीननं दुसरा प्लग उचलला.

"तुम्ही काही बोलणार आहात?"

"आधी हे वाळू दे," तो म्हणाला.

खैरुन्निसाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. तीस वर्षं या माणसाच्या एका वाक्यावर काढली, आणि आज एक वाक्य हवंय तर याला प्लग वाळवायचे आहेत! ठीक आहे, तिनं मनाशी म्हटलं. नाही बोलला तर नाही. माझं तोंड मला दिलंय अल्लानं.

दुपार व्हायच्या आत ऑफिसची लँडरोव्हर घेऊन कमरुद्दीन आला. आई-बाप धडधाकट आहेत हे बघून त्याचा चेहरा आधी सैल झाला आणि लगेच कडक झाला. त्यानं शर्टाच्या खिशातून तिकीट काढलं.

"आता खलास, अम्मा. डील वॉज डील. गुरुवारी बोट. तू मंजूर केलं होतंस."

"मी कुठे हो म्हटलं? तू धरलंस."

"अम्मा, गाडी समुद्रात डुबवलीस तू!"

"डुबवली. भरती मी चुकवली. तुझ्या अब्बांनी नाही, मी. विचारायला हवं होतं, तोऱ्यात विचारलं नाही. सगळ्या रोल्लाला सांग." तिचा आवाज चढला. "पण चुकलं म्हणून माणसाला घरी पाठवायचं ठरलं, तर या आखातात एक तरी पुरुष उरेल का? गेल्या साली तू बसऱ्याला जायच्या कांद्याच्या गोणी बहारीनला पाठवल्यास. तुला कुणी बोटीत बसवलं?"

कोळ्याला मराठी येत नव्हतं, तरी तो हसला. कमरुद्दीन लाल झाला. "ती वेगळी गोष्ट आहे. आणि सवाल गाडीचा नाहीच. रुकय्या एकटी आहे. तिला कुणीतरी पाहिजे."

"तिला कोण पाहिजे ते तिला विचारलंस? मी सांगते. मी बसले होते त्याच ओसरीवर, त्याच खाडीकडे तोंड करून. मला सासू नको होती, कमरू. सासू होती माझ्याजवळ, वीस वर्षं होती. मला नवरा हवा होता."

ते ती मुलासमोर बोलली, परक्या गावात, चार कोळ्यांच्या देखत, आणि बोलल्यावर तिनं मान खाली घातली नाही. मोहिद्दीननं हातातला प्लग फडक्यावर ठेवला आणि तो उठला. तेलानं काळे झालेले हात त्यानं लेंग्यालाच पुसले.

"ते तिकीट खिशात ठेव," तो मुलाला म्हणाला.

"अब्बा, लेकिन..."

"ही जाणार नाही. ही गेली तर मी पण गेलो. मग कॅम्पची ड्यूटी तू कर." तो थांबला. आणखी काहीतरी बाहेर काढायला त्याला इंजिन उघडण्याहून जास्त कष्ट पडत होते. "ही आली त्या दिवसापासून मी घरी जातो, कमरू. त्याआधी खोलीवर जायचो."

खैरुन्निसा त्याच्याकडे बघतच राहिली. चार वर्षांत या माणसानं एका दमात एवढं बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं. तिला त्याचा हात धरावासा वाटला, पण लोक होते. मग तिला वाटलं, लोकांनी इतकं ऐकलंच आहे तर आता काय राहिलं, आणि तिनं तो काळाकुट्ट हात धरला.

कमरुद्दीननं तिकीट घडी करून खिशात घातलं. मग तो उगीचच लँडरोव्हरच्या चाकाला लाथ मारत उभा राहिला.

"ते परत कर," खैरुन्निसा जरा मवाळपणानं म्हणाली. "आणि येणारं एक काढ. रुकय्याच्या नावानं."

"अम्मा, माझी एक खोली आहे, तीन पार्टनर आहेत..."

"मग दुसरी खोली बघ. तुझ्या वयाचे होते तेव्हा हेही असंच म्हणायचे, आज खोली नाही, उद्या पगार नाही. त्यातच माझे केस पांढरे झाले. पुढच्या साली म्हणायचं नाही. या साली."

कमरुद्दीन गाडीला दोर बांधायला लागला. लँडरोव्हरचं तोंड शारजाकडे होतं, गॅरेज शारजाला होतं, बंद गाडी ओढत न्यायची तर तिकडेच न्यायची, यात त्याला शंका नव्हती. खैरुन्निसा आपल्या सीटवर जाऊन बसली. सीट अजून ओली होती. मोहिद्दीन स्टिअरिंगवर बसला.

"तोंड फिरव," ती मुलाला म्हणाली.

"काय?"

"डोंगर त्या बाजूला आहे. आम्ही रास अल खैमाला निघालो होतो. ओढायचंच आहे ना? मग पुढे ओढ. नंतर मागे ओढ हवं तितकं."

"गाडी बंद आहे, अम्मा! बंद गाडीतून कुणी टूर करतं का?"

"आम्ही करतो," मोहिद्दीन म्हणाला.

कमरुद्दीननं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि दोर सोडला. लँडरोव्हर वळवून त्यानं ती पुढे आणून लावली, पुन्हा खाली उतरून दोर बांधला. या वेळी म्हाताऱ्या कोळ्याला पाण्याचं विचारायला खैरुन्निसा विसरली नाही. त्यानं बोटं दाखवून वेळ सांगितली, अजून बराच वेळ होता. दोर ताणला गेला आणि हिरवी गाडी एक हिसका देऊन हलली. जझिराच्या बाया हात हलवत होत्या.

पुढच्या गाडीच्या खिडकीतून कमरुद्दीननं डोकं बाहेर काढलं. "एक बात क्लिअर सांगतो, अम्मा," तो ओरडला. "रुकय्या आली तर अशा खुल्या गाडीत बसणार नाही!"

"ते तिचं ती ठरवील," खैरुन्निसा ओरडली. "तू पुढे बघून चालव!"